गोदामाच्या बटणावरचं नाव

लालबाग, मुंबई
६ जानेवारी १९६२

सौ. कमळ,

आधी आशीर्वाद, मग सगळ्यांची खुशाली विचारायची, असा रिवाज आहे. तो आज मोडतो, कारण बातमी पोटात राहत नाही.

आमच्या साबणाच्या कारखान्यात टेबलाटेबलावर नवे टेलिफोन आले. बाहेरगावी बोलायचे नव्हेत, आतल्या आत बोलायचे. काळा डबा, त्याच्या पुढे बटणांची रांग. शेटनी एक बटण दाबलं की हिशेबाच्या टेबलावर घंटा वाजते, दुसरं दाबलं की फाटकावर. आता हाका मारायचं काम कुणाला उरलं नाही. मोरू मुकादमाचा सगळा मान त्याच्या आवाजात होता, तो बिचारा दिवसभर नुसता खाकरत फिरतो.

प्रत्येक बटणाशेजारी एक बारीकशी खाच असते. तीत नावाचं लेबल सरकवायचं आणि वरून पारदर्शक झाकण लावायचं. पहिली लेबलं मॅनेजरने शाईने लिहिली. इथे सगळ्यांचे हात तेलकट, शाई फुटली. परवा शेटनी हिशेब मागितला तर चहा आला. शेट भडकले. म्हणाले, राज्य मराठी झालंय, लेबलं मराठीतच हवीत, पण छापून आणा, आणि नीट छापून आणा.

मी लगेच पुढे झालो. म्हटलं, माझा चुलतभाऊ रामचंद्रदादा रेवदंड्याला छापखाना चालवतो. शेट म्हणाले, लग्नपत्रिका छापणारा ना तो? मी म्हटलं, जो सोयरेधायरे एका पानात बसवतो त्याला हे काय अवघड? सगळे हसले आणि काम दादाला मिळालं. लाँचीवरच्या आपल्या भिकूच्या हाती कागद पाठवला आहे.

आता मुद्द्याचं. कारखान्यात घरत तिघे आहेत. मी, फाटकावरचा आणि ट्रक चालवणारा. म्हणून आडनावं न घालता पहिली नावं घालायची असं ठरलं. माझं लेबल 'हिरामण · गोदाम' असं होईल. खुद्द शेटच्या टेलिफोनवर. सध्या मी गोदाम सांभाळतो ते तात्पुरतं, पाडव्याला कायम करू असं शेट बोललेत. पण छापलेलं नाव कोण काढतो? बटणावर चढलो म्हणजे कायम झालोच, असं मी धरून चाललो आहे. कायम झालो की कारखान्याच्या चाळीत खोली मिळते. मग तुला इकडे आणता येईल. चार वर्षं झाली लग्नाला आणि आपण पत्रांतून संसार करतोय, याचा मला कंटाळा आला आहे.

एक विचारायचं राहिलं. भिकू म्हणाला, "दादा, वयनी रोज दुपारची रेवदंड्याकडं जाते. सगलं बरं हाय ना?" मी म्हटलं, बरं आहे. पण तू मला तसं काही लिहिलेलं नाहीस. रोज कशाला जातेस?

तुझा,
हिरामण


चौल
१४ जानेवारी १९६२

तुम्हांला कमळचा नमस्कार.

पत्र वाचून फार आनंद झाला. सासूबाई तळा गावी वन्संच्या बाळंतपणाला गेल्यात, नाहीतर त्यांनाही वाचून दाखवलं असतं. मी एकटीनेच दोनदा वाचलं.

भिकू भावजींना लाँचीवर काम कमी पडत असावं. रेवसला उतरून घरी आले की आधी कोण कुठे जातं ते बघतात, मग पाणी पितात. अहो, जाऊबाईंचे गुडघे धरलेत. चुलीशी बसवत नाही त्यांना. म्हणून दुपारची मी दादांच्या घरी जाते, भाकऱ्या थापून देते आणि दिवेलागणीच्या आत परत येते. यात लिहिण्यासारखं काय होतं?

वाडी ठीक आहे. सुपारी वाळत घातली आहे. खारी फार झाल्यात, नारळ पोखरतात.

तुमच्या त्या बटणांबद्दल एक विचारू? एवढ्या टीचभर जागेत नाव आणि काम दोन्ही कशाला घालायचं? तुमच्या बटणावर नुसतं 'गोदाम' घातलं तर नाही का चालणार? सगळ्यांना ठाऊकच आहे गोदामात कोण बसतं ते. आपलं उगीच विचारलं. तुम्ही हसाल म्हणून आणखी लिहीत नाही.

खोलीचं खरंच होईल का? मी कुणाला बोललेली नाही. बोललं की होत नाही असं मला वाटतं.

कमळ


लालबाग, मुंबई
२ फेब्रुवारी १९६२

सौ. कमळ,

लेबलं आली. काल सगळ्या टेलिफोनांवर बसवली. छपाई अशी सुबक की मॅनेजरने भिंग लावून पाहिली आणि तोंड वाकडं करायला जागा मिळेना. दादाने नाव काढलं.

सगळ्यांचं काढलं, फक्त माझं सोडून.

नीट वाच. 'सदानंद · हिशेब' आहे. 'मोरू · मुकादम' आहे. 'येसाजी · चहा' आहे. चहावाल्याचं नावसुद्धा ठसठशीत आहे, कमळ. आणि माझ्या बटणापुढे आधी कोरी जागा, मग टिंब, मग 'गोदाम'. एका टेलिफोनवर नव्हे, सगळ्यांवर. मोजून मापून सोडलेली जागा आहे. कुणाचं तरी नाव नंतर बसवायचं असावं तशी.

छापताना चुकलं असतं तर अक्षर वाकडं आलं असतं, शाई फासली असती. नेमकं माझंच नाव सगळीकडून जातं आणि बाकी सगळं सरळ राहतं, ही चूक नव्हे. दादाला इकडून कुणीतरी कळवलं आहे की गोदामाचं नाव रिकामं ठेवा, माणूस बदलायचा आहे.

कुणी कळवलं तेही मला दिसतं आहे. हिशेबाचा सदानंद. आम्ही सदा म्हणतो त्याला, पेणचा आहे. गेल्या आठवड्यात सुपारी पुढे करत मला विचारतो कसा, "हिरामण, गोदामाच्या चाव्या किती जणांकडे असतात रे?" मी म्हटलं, माझ्या एकट्याकडे. तर मान हलवून निघून गेला. परवा शेटच्या खोलीतून बाहेर येताना मला बघून हसला. वर्षभरात तो मला बघून कधी हसला नव्हता. काय कारण हसायचं?

आणि आज सकाळची गोष्ट. शेटनी बटण दाबलं. मी टेलिफोन उचलला. रोज ते "हिरामण?" असं म्हणतात. आज म्हणाले, "गोदाम?" मी म्हटलं, हो, गोदाम बोलतोय.

तू दादाकडे रोज जातेसच. त्याला समोर बसवून विचार की नाव काढायला कुणी सांगितलं. आडून विचारू नकोस, सरळ विचार. मला उलट टपालाने कळव.

हिरामण


चौल
९ फेब्रुवारी १९६२

तुम्हांला नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. अहो, असं काही नाही. मी दादांना विचारलं. ते म्हणतात, मला कुणीही काही कळवलेलं नाही, छापताना घाईत राहून गेलं असेल. ते नवीन लेबल करून पाठवणार आहेत. भिकू भावजींच्या पुढच्या खेपेला मिळेल तुम्हांला.

तोवर कृपा करून कुणाला काही बोलू नका. तुमचा राग मला ठाऊक आहे. आधी तोंडातून निघतो आणि मग तुम्हांला कळतं की आला होता. सदानंद हसले तर हसू द्या. माणूस हसतो कधीकधी. येसाजींनाही त्यांच्या ठसठशीत नावाबद्दल काही म्हणू नका.

थोडे दिवस दम धरा, एवढंच मागते.

कमळ


लालबाग, मुंबई
१५ फेब्रुवारी १९६२

कमळ,

'राहून गेलं असेल'. हे उत्तर दादाचं की तुझं?

मी दादाला लहानपणापासून ओळखतो. पत्रिकेत कुणाच्या आत्याच्या नावातलं टिंब राहिलं तर तो रात्री जेवत नसे. आणि तो म्हणतो, सख्ख्या चुलतभावाचं नाव राहून गेलं?

आता दुसरं. काल भिकू भेटला. सहज विचारलं, कृष्णाबाई वहिनींचे गुडघे कसे आहेत? तो म्हणाला, "गुडघ्यांना काय झालं? परवा बाजारात टोपली डोईवर घेऊन चालली होती. माज्या फुडं गेली." मग मी त्याला खोदून विचारलं, तर तो म्हणाला की तू दादाच्या घरात जातच नाहीस. दुपारी मागच्या दाराने छापखान्यात शिरतेस आणि दार लोटून घेतेस.

भाकऱ्या छापखान्यात थापतात काय?

तूच मला लिहिलं होतंस, नुसतं 'गोदाम' घातलं तर चालणार नाही का म्हणून. लेबलं छापायच्या आधी लिहिलं होतंस. मी ते पत्र पुन्हा काढून वाचलं. तुला आधीच माहीत होतं. माझं नाव जाणार हे तुला माहीत होतं आणि तू माझी चाचपणी करत होतीस. इकडून जे कुणी कळवलं ते दादाला ठाऊक, तुला ठाऊक, बहुतेक भिकूलाही ठाऊक. फक्त ज्याचं नाव गेलं त्याला सांगायचं नाही असं तुम्ही ठरवलं.

मुंबईत एकटा माणूस राहतो तेव्हा तो घराच्या भरवशावर राहतो. तोच काढून घेतलात. तिथे तुझं काय चाललंय ते मला आता विचारायचंसुद्धा नाही.

इथलं मी माझं बघून घेतो. मला काढायची वाट बघत बसणार नाही. उद्या सकाळी शेटच्या समोर सदाला उभा करतो आणि काय ते तोंडावर विचारतो.

हिरामण


चौल
२० फेब्रुवारी १९६२

तुम्हांला नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत तुम्ही शेटसमोर उभे राहिला नसलात तर बरं. देवाला तेवढंच मागते आहे. आता खरं लिहिते. वाचून मग काय रागवायचं ते रागवा.

नाव मी काढलं. शेटनी नाही, सदानंदांनी नाही, दादांनीही नाही. तुमची लेबलं मी जुळवली आहेत.

दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. जवळचं काही दिसत नाही त्यांना. दिवाळीला एका पत्रिकेत त्यांनी वराच्या जागी वधूचा बाप घातला. अक्षरं जुळवणारा त्यांचा जुळारी अलिबागला गेला, परत आला नाही. एकदा मी जाऊबाईंना हळद द्यायला गेले होते, तर दादा अक्षरांच्या खिळ्यांचा खण नाकाशी धरून बसलेले. बघवलं नाही मला. मी सातवी पास आहे, म्हटलं द्या इकडे. तेव्हापासून जाते. जाऊबाईंचे गुडघे धडधाकट आहेत, ते मी खोटं लिहिलं. तुम्ही शिमग्याला चारचौघांत म्हणाला होतात, घरतांची बाई कुणाच्या हाताखाली काम करणार नाही. मग मी काय सांगणार होते? दादांनीही हात जोडले. म्हणाले, तुझ्या नवऱ्याला माझ्या डोळ्यांचं कळलं तर तो काम परत नेईल, आणि ते काम गेलं तर छापखाना बंद करावा लागेल.

खरं सांगायचं तर मला ते काम आवडतं. हे आधी लिहायला हवं होतं.

आता तुमच्या नावाचं. डाव्या हातात पट्टी धरायची, खणातून एकेक खिळा उचलायचा आणि ओळीत लावायचा. मी 'सदानंद' जुळवलं, 'मोरू' जुळवलं, 'येसाजी' जुळवलं. मग तुमचं आलं. पहिला खिळा चिमटीत धरला आणि माझा हात तिथेच थांबला. लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर मी तुमचं नाव घेतलेलं नाही. पाकिटावरचा पत्तासुद्धा शेजारच्या नीराबाईंकडून लिहून घेते. हे एकेक अक्षर हातात घेऊन जुळवायचं म्हणजे तोंडाने घेण्यापेक्षा जास्तच झालं. तरी एक वेळ तेही केलं असतं. पण छापून झालं की जुळवलेलं मोडावं लागतं. अक्षर एका खणात, वेलांटी दुसऱ्या खणात, असं सगळं फेकून द्यायचं, म्हणजे पुढच्या कामाला खिळे मिळतात. येसाजींचं नाव मी मोडलं, मला काही वाटलं नाही. पण स्वतःच्या नवऱ्याचं नाव स्वतःच्या हाताने मोडून फेकायचं? दिवेलागणीच्या वेळी? माझ्याने होईना. तुम्ही तिकडे लांब, एकटे. काही झालं असतं तर मी जन्मभर त्या खणाकडे बघत बसले असते.

म्हणून मी तेवढी जागा शिशाच्या कोऱ्या तुकड्यांनी भरली आणि दादांना म्हटलं, एवढं एक तुम्ही जुळवा. ते हो म्हणाले. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी लाँचीची वेळ झाली म्हणून भिकू भावजी दारात घाई करत होते. दादांनी ओळीवरून बोट फिरवलं, ओळ भरलेली लागली, त्यांना वाटलं मी जुळवलंच असणार. तसंच छापलं, तसंच कापलं, तसंच गेलं. तुमच्याविरुद्ध कुणी काही केलेलं नाही हो. बायकोनं नाव घेतलं नाही, एवढंच झालं. नुसतं 'गोदाम' चालेल का असं विचारलं ते याचसाठी. तेव्हाच सरळ लिहिलं असतं तर तुम्ही हसून सोडून दिलं असतं.

या पत्रासोबत तुमचं लेबल पाठवते. प्रत्येक टेलिफोनसाठी एकेक. मी जुळवलंय. सकाळच्या वेळी, दिवा लावून, देवाला सांगून जुळवलं. खिळे मोडलेले नाहीत. दोऱ्याने बांधून वर ठेवलेत आणि दादांना बजावलंय की यांना हात लावायचा नाही.

माझ्यावर जो संशय घेतलात तो मला लागला. फार लागला. पण त्याला मीच जागा दिली, म्हणून आता काही बोलत नाही. उत्तर लवकर पाठवा. दोनच ओळी लिहा, पण पाठवा.

कमळ


मुंबई
१२ मार्च १९६२

सौ. कमळ,

पत्र मिळालं. लेबलंही मिळाली. उत्तराला उशीर झाला, कामाची गर्दी होती.

मी रागावलेलो नाही. वाचून आधी हसू आलं, मग हसू गेलं. मागच्या पत्रात तुला नको ते लिहिलं. ते फाडून टाक. भिकूच्या तोंडाला लागून मी माझ्या माणसावर संशय घेतला, याची मला लाज वाटते. छापखान्यात खुशाल जात जा. दादाला सांग, डोळ्यांचं मला आधी सांगितलं असतं तर मी काम परत नेलं नसतं.

इथे सगळं ठीक आहे. शेटना खरी गोष्ट सांगितली, ते पोट धरून हसले. सदाही हसला. लेबलं बसवली. आता शेट बटण दाबतात आणि पहिल्यासारखं "हिरामण?" म्हणतात. ऐकायला बरं वाटतं.

खोलीचं मात्र जरा लांबणीवर पडेल असं दिसतं. पाडव्याला होईलच असं नाही. कारखान्यात थोडे बदल चाललेत. तू त्याची वाट बघत राहू नकोस.

यापुढे लालबागच्या पत्त्यावर पत्र टाकू नकोस. तिथे टपाल गहाळ होतं. भिकूच्या हाती दे, तो मला गाठतो.

तब्येतीला जप. नारळांवरच्या खारींसाठी दादाकडून सापळा आण.

हिरामण


चौल
२४ मार्च १९६२

तुम्हांला कमळचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी चारचौघींत नाचायचंच काय ते बाकी होतं. सासूबाई तळ्याहून परत आल्यात, त्यांना छापखान्याचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मला ठाव व्हतं. तुजी बोटं कालीच असतात." असं म्हणून पुढचं विचारलंसुद्धा नाही.

फक्त एक गोष्ट मला टोचत होती. तुम्ही तुमच्या शेटबद्दल लिहिता तेव्हा त्यांची एक तरी नक्कल करता. ते पोट धरून हसले असते तर पोट किती हललं तेही तुम्ही लिहिलं असतं. यावेळी नुसतं 'हसले'. आणि पत्राच्या डोक्यावर नुसतं 'मुंबई'. तुमच्यासारखी मलाही आता शंका घ्यायची सवय लागली असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

परवा तुमच्या कारखान्याचं नवं काम आलं. मी कागद उघडला. दोनच लेबलं बदलायची होती. 'हिशेब'च्या आधी कोरी जागा, नवा माणूस यायचा आहे. आणि 'सदानंद · गोदाम'.

दादांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, "तू नको करू हे, कमळ. मी करतो." उठून त्यांनी खणात हात घातला, तर 'स' ऐवजी 'भ'च्या खणात. मी त्यांना बसवलं आणि मीच जुळवलं. तुमच्या जागेवर त्यांचं नाव, माझ्या हाताने. चटकन जुळलं. छापलं, आणि मोडून खणात टाकलं, तेही चटकन झालं. मग मागच्या दाराशी जाऊन मी रडले. तुमचं नाव जुळवायला मला एवढा विचार पडला आणि दुसऱ्याचं घालायला काहीच वेळ लागला नाही, याचं रडू आलं.

आज सकाळी भिकू भावजी छापलेल्या लेबलांची पुडी न्यायला आले. मी पुडी दिली नाही. म्हटलं, आधी खरं सांगा. ते म्हणाले, "वयनी, दादानं शपथ घातलीय." मी म्हटलं, मी दार लावून घेते, मग आजची लाँच कशी गाठाल ते बघते. तेव्हा ते उंबऱ्यावर बसले आणि बोलले.

तुम्ही ते संशयाचं पत्र टाकलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी सदानंदांची गचांडी धरलीत म्हणे, शेटच्या समोर. शेट काय सांगतायत ते ऐकलं नाहीत. गोदामाला कुलूप लावलंत, ट्रक भरायचे तसेच उभे राहिले, आणि चाव्या शेटच्या टेबलावर आपटून बाहेर पडलात. माझं पत्र त्यानंतर पोचलं. ट्रकवाले घरत सगळ्यांना सांगतात की सदानंद चाव्या विचारत होते ते शेटच्या सांगण्यावरून. कायम माणसाच्या नावावर दुसऱ्या चाव्या करून द्यायच्या होत्या. तो कायम माणूस तुम्ही होता. म्हणूनच ते तुम्हांला बघून हसले होते.

आणि भिकू भावजी म्हणाले, "दादा आता भाऊच्या धक्क्यावर असतो, वयनी. आमच्याच लाँचीची पोती उतरवतो. मी दिसलो का तोंड फिरवतो. मंग पोतं ठेवून येतो नि इचारतो, घरी कशी हाय?"

अहो, असं कसं राहिलात? महिनाभर पोती वाहायची आणि मला लिहायचं की शेट पहिल्यासारखे नावाने हाक मारतात? ते वाक्य लिहिताना तुम्हांला काय झालं असेल ते मला कळतं. म्हणूनच मला तुमचा राग येत नाही, आणि येतोही.

तुम्हांला वाटत असेल, कमळला कोणत्या तोंडाने सांगू. मलाही तेच वाटत होतं, छापखान्याच्या बाबतीत. आपण दोघं एकमेकांना भिऊन खोटं लिहितो आणि मग त्याच्यावर शंका घेत बसतो. हे आता पुरे. मला खोली नको. चाळही नको. दादांचं यंत्र पायाने चालवावं लागतं, त्यांच्याने आता होत नाही आणि माझ्या पायांत तेवढा जोर नाही. अलिबागच्या दोन शाळांचं काम येतंय, ते दादा नाही म्हणून परत करायला निघालेत. तुम्ही आलात तर ते परत करावं लागणार नाही. मी जुळवीन, तुम्ही छापा. लोक म्हणतील, बायकोच्या हाताखाली काम करतो. म्हणू देत. शिमग्याला चारचौघांत काय बोलायचं ते तुम्ही ठरवा.

सदानंदांना भेटा. माफी मागा म्हणत नाही, नुसते भेटा. त्यांचं लेबल मी चांगलं केलंय, मुद्दाम वाकडं केलेलं नाही. मनात आलं होतं, लपवत नाही.

हे पत्र पुडीसोबत भिकू भावजींच्या हाती पाठवते आहे. ते तुम्हांला धक्क्यावर देतील आणि तुमचं वाचून होईपर्यंत तिथेच उभे राहतील, तसं मी कबूल करून घेतलंय. तुम्ही पोतं खाली ठेवा आणि शेवटपर्यंत वाचा. मध्येच घडी घालून खिशात टाकू नका.

मी त्याच लाँचीत बसले आहे. अजून उतरलेली नाही. वाचून झालं असेल तर इकडे बघा.

कमळ